तुमच्या घरातल्या एमसीबी बॉक्समागचा माणूस: थॉमस एडिसन

गीझर चालू, एसी चालू, त्यात कुणीतरी इंडक्शनवर चहा ठेवला आणि खट्ट! घर अंधारात, वायफाय बंद, फोनचं चार्जिंग थांबलेलं. मग आपण मोबाईलचा टॉर्च लावून दाराजवळच्या त्या डब्यापाशी जातो, खाली पडलेला खटका वर करतो आणि विषय संपतो. शाळेत एडिसन म्हटलं की बल्ब शिकवतात. पण या डब्यामागचा विचारही बऱ्याच अंशी त्याच्याच कामातून आलाय. आज त्याचं आयुष्य या डब्याच्या बाजूने बघूया. त्यातून घरातली वायरिंग बदलताना नक्की काय बघायचं, हेही कळेल.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. बालपण मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनला गेलं. शाळा जेमतेम काही महिने, बाकी शिक्षण आईकडून घरीच. पोरगा रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायचा आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करायचा. तिथे एकदा आग लागली आणि प्रयोगशाळा रेल्वेतून बाहेर पडली. पुढे तो तारमास्तर झाला. लुइव्हिलच्या तार ऑफिसात रात्रपाळीला बॅटरीशी खेळताना त्याने ॲसिड सांडलं, ते फरशीतून झिरपून खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलं आणि नोकरी गेली. थोडक्यात, सेफ्टी हा काही या माणसाचा जन्मजात गुण नव्हता!

1876 मध्ये त्याने न्यू जर्सीत मेन्लो पार्कला स्वतःची प्रयोगशाळा उभी केली, 1877 मध्ये फोनोग्राफ केला आणि 1878 पासून विजेच्या दिव्यामागे लागला. दिव्यावर तेव्हा इतर लोकही काम करत होते, इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान तर बराच पुढे होता. एडिसनचं वेगळेपण कुठे होतं? त्याने आधी पूर्ण सिस्टीम डोक्यात मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर इतर जण ॲप बनवत होते, हा सर्व्हर, नेटवर्क, बिलिंग आणि ॲप असं सगळं एकत्र बनवायला निघाला होता. जनरेटर, रस्त्याखालच्या तारा, घरातल्या तारा, स्विच, होल्डर, मीटर. आणि या यादीत एक छोटीशी गोष्ट: फ्यूज.

त्याची गरज का पडली? तारेतून करंट गेला की तार तापते आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. दोन तारा चुकून एकमेकींना टेकल्या तर करंट प्रचंड वाढतो आणि भिंतीतली तार म्हणजे थेट शेगडीची कॉइल. एडिसनचा उपाय साधा होता. सर्किटमध्ये मुद्दाम एक कमजोर तुकडा ठेवायचा. करंट मर्यादेबाहेर गेला की आधी तो वितळेल, रस्ता तुटेल, बाकीची तार वाचेल. मे 1880 मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. त्यात एक बारकावा मला फार आवडतो: हा तुकडा वीजरोधक आवरणात बंद ठेवायचा, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब गालिच्यावर किंवा फर्निचरवर पडणार नाहीत. हे सुचायला तो दिवाणखाना डोळ्यांसमोर असावा लागतो. आता, कमजोर तुकड्याची कल्पना पूर्णपणे त्याची म्हणता येणार नाही. तारयंत्रांना विजेपासून वाचवायला बारीक तार वापरण्याचा सल्ला फ्रान्सच्या ब्रेगेने 1847 मध्येच दिला होता. पण घरगुती वीजव्यवस्थेचा भाग म्हणून ती बसवली एडिसनने. 1879 च्या एका पेटंट अर्जात तर त्याने आपोआप उघडणाऱ्या खटक्याचंही वर्णन केलं होतं, म्हणजे आजच्या एमसीबीचा पूर्वज. प्रत्यक्षात मात्र त्याची सिस्टीम फ्यूजवरच चालली.

कागदावरची सेफ्टी आणि घरातली सेफ्टी यांत किती अंतर असतं, हे त्याला श्रीमंतांच्या घरांनी शिकवलं. विल्यम व्हँडरबिल्ट हा त्याच्या कंपनीत पैसे घातलेल्यांपैकी एक. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या त्याच्या घरात दिवे लावले. भिंतीला धातूचे धागे विणलेलं कापड होतं, त्याखालून तारा गेलेल्या. दोन तारा टेकल्या आणि भिंत धुमसू लागली. एडिसनने लगेच जनरेटर बंद करायला लावला म्हणून आग विझली. पण या गडबडीत व्हँडरबिल्टबाईंना कळलं की तळघरात बॉयलर आणि इंजिन आहे! बॉयलरच्या डोक्यावर आपण राहणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि सगळी यंत्रणा उचलावी लागली.

दुसरं घर बँकर जे. पी. मॉर्गनचं, मॅडिसन ॲव्हेन्यूवर. इथे जनरेटर तबेल्याखालच्या तळघरात ठेवलेला. इंजिनच्या धडधडीने शेजारी वैतागले. इंजिनवाला रात्री 11 ला घरी गेला की दिवे बंद, मग पत्त्यांचा डाव रंगात असो की नसो. एका रात्री घरचे लोक बाहेर असताना लायब्ररीतल्या टेबलाच्या दिव्याची वायर शॉर्ट झाली. टेबल आणि गालिचा जळाला. दुसऱ्या दिवशी एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन जळक्या खोलीत उभा होता. (1882 मध्ये ख्रिसमस ट्रीवर पहिल्यांदा विजेचे दिवे लावणारा तो हाच.) मॉर्गनने कारण विचारलं. जॉन्सनने वीज किंवा नशीब यांच्यावर काहीही ढकललं नाही. काम नीट झालं नव्हतं, असं थेट मान्य केलं. मॉर्गनने तेच काम पुन्हा, पण नीट करायला सांगितलं. घराच्या वायरिंगचं अपग्रेड म्हणजे काय, तर हेच.

4 सप्टेंबर 1882 रोजी मॅनहॅटनच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीज केंद्र सुरू झालं. 110 व्होल्टच्या आसपास डीसी करंट आणि पहिल्या दिवशी सुमारे 400 दिवे. बाकीच्या कंपन्यांनी खांबांवर तारांचं जाळं केलेलं असताना एडिसनने लोखंडी नळ्यांत तांब्याच्या कांड्या घालून त्या रस्त्याखाली पुरल्या. खर्चिक काम, पण सुरक्षित. त्या खोदकामाचा त्यानेच पुढे सांगितलेला एक किस्सा आहे. नगरपालिकेने बजावलं की कामावर पाच इन्स्पेक्टर राहतील आणि त्यांचा पगार कंपनीने द्यायचा. एडिसनला वाटलं, आता हे लोक कामात खोड्या काढणार. पण साहेब मंडळी फक्त पगाराच्या दिवशी उगवायची! आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि मग घोड्यांची गोष्ट. केंद्र सुरू झाल्यावर नासाऊ स्ट्रीटजवळ एका चौकात जोडणीतून करंट ओल्या जमिनीत गळू लागला. तिथून जाणारे घोडे अचानक उड्या मारायला लागले, कारण त्यांच्या पायात लोखंडी नाल. पोलीस धावत आला, करंट बंद करावा लागला, बघ्यांची तोबा गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी म्हणे एक घोड्यांचा व्यापारी एडिसनकडे आला. मरतुकडे घोडे गिऱ्हाइकासमोर तरतरीत दिसावेत म्हणून त्याला ही सोय आपल्या अंगणात हवी होती!

गंमत बाजूला ठेवली तर या गोष्टीत फ्यूजची मर्यादा स्पष्ट दिसते. गळणारा करंट घोड्याला झटका द्यायला पुरतो, पण फ्यूज वितळवायला पुरत नाही. फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवतात, माणसाला नाही. त्यासाठी आज आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. साधारण 30 मिलिॲम्पिअरचा फरक दिसला, म्हणजे तेवढा करंट कुठेतरी गळतोय, कदाचित कुणाच्या अंगातून, की लगेच बंद. हे एडिसनच्या हयातीत घरात आलं नाही.

त्याचं मीटरही भारी होतं. काचेच्या भांड्यात जस्ताच्या पट्ट्या, करंट गेला की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जमायचं. महिन्याला माणूस येऊन पट्ट्या नेणार, वजन करणार, त्यावरून बिल. थंडीत भांड्यातलं पाणी गोठू नये म्हणून आत एक छोटा बल्ब.

डीसीची मोठी अडचण होती तांबं. वीज लांब न्यायची तर तारा जाडजूड हव्यात. त्यावर त्याने तीन तारांची पद्धत काढली: दोन टोकांच्या तारांमध्ये 220 व्होल्ट, मधल्या तारेपासून प्रत्येकीला 110. तांबं 60 टक्क्यांहून जास्त वाचलं. 4 जुलै 1883 ला पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात ती सुरू झाली. आज अमेरिकेतल्या घरात एसी करंट येतो, पण पॅनल उघडलं तर दोन फेज, मधे न्यूट्रल, एकूण 240 व्होल्ट, अर्धे 120. मांडणी तीच.

दरम्यान, आगींचा फटका बसणाऱ्या विमा कंपन्या जाग्या झाल्या होत्या. 1881 मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निविमा मंडळाने वायरिंगचे नियम काढले, 1882 मध्ये लंडनच्या तार अभियंत्यांच्या संस्थेने काढले. मग जो तो आपले नियम काढू लागला. शेवटी 1897 मध्ये अमेरिकेत सगळ्यांचं एक राष्ट्रीय विद्युत कोड झालं, जे आजही दर तीन वर्षांनी सुधारलं जातं.

पण सेफ्टीचा हाच मुद्दा एडिसनने हत्यार म्हणूनही वापरला. 1886 पासून जॉर्ज वेस्टिंगहाऊसचा एसी करंट स्वस्तात लांबवर जाऊ लागला. तेव्हा एडिसनच्या कंपनीने एसी म्हणजे मृत्यू असा प्रचार केला. 1888 मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना एसीचे झटके देऊन मारून दाखवलं गेलं. 1890 मध्ये पहिला इलेक्ट्रिक चेअरचा मृत्युदंड एसीवरच झाला. उंच व्होल्टेजच्या उघड्या तारा धोकादायक होत्या, हे खरं. पण त्याचं उत्तर चांगलं इन्सुलेशन आणि कडक नियम हे होतं आणि हे त्याच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? माझ्या मते हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात न शोभणारा भाग. (यूट्यूबवर फिरणाऱ्या टॉप्सी हत्तिणीचं पाप मात्र त्याच्यावर टाकू नका. ती घटना 1903 ची, तोवर हे भांडण कधीच संपलं होतं.) 1892 मध्ये त्याची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली, नावातून एडिसन गेला आणि एसी जिंकला.

नाव अजून एका ठिकाणी टिकलं, तेही थोडं गोत्यात आणणारं. बल्बचा आटे असलेला होल्डर एडिसनचा. ई-27 मधला ई म्हणजे एडिसन. अमेरिकेत तोच आटा फ्यूजलाही दिला गेला. त्यामुळे 15 ॲम्पिअरच्या जागी 30 चा फ्यूज बिनबोभाट बसायचा. काही लोक तर उडालेल्या फ्यूजमागे एक सेंटचं नाणं ठेवायचे. दिवे लागायचे, पण तार भिंतीत तापत राहायची. शेवटी कोडला एडिसन-बेस फ्यूजवर बंधन घालावं लागलं: नवीन कामात बंदी, जुन्या ठिकाणी फक्त बदली म्हणून, तेही छेडछाड झालेली नसेल तर. अमेरिकेत जुन्या घराचं पॅनल बदलतात तेव्हा बऱ्याचदा 60 ॲम्पिअरचा असाच फ्यूजबॉक्स निघतो आणि कोडप्रमाणे स्वतंत्र घराला किमान 100 ॲम्पिअर लागतात.

आपल्याकडे नाण्याचं काम किटकॅट फ्यूजमधल्या जाड तारेने केलं. एमसीबी आल्यावर तीच सवय नव्या रूपात आली: सारखा ट्रिप होतो म्हणून 16 काढून 32 चा बसवणे. सुरुवातीचं उदाहरण घ्या. गीझर 2000 वॉट, इंडक्शन 2000, एसी 1500, एकूण 5500. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 24 ॲम्पिअर. एकाच जुन्या बारीक तारेवर हे सगळं असेल, तर ट्रिप होणारा एमसीबी आपलं काम चोख करतोय. तुमच्या वायरमनला उलट क्रमाने विचारा: आधी लोड किती, मग तार किती जाडीची, मग त्या तारेला झेपेल तो एमसीबी. गीझर आणि एसीला वेगळी लाईन, अर्थिंग तपासलेलं आणि आरसीसीबी. मंजूर भार कमी पडत असेल तर तो आधी वाढवून घ्यायचा.

एडिसन 18 ऑक्टोबर 1931 रोजी वेस्ट ऑरेंजच्या घरी वारला, वयाच्या 84 व्या वर्षी. अंत्यविधीच्या दिवशी देशभराची वीज एक मिनिट बंद ठेवून श्रद्धांजली द्यावी, अशी कल्पना निघाली होती. पण तोवर दवाखाने, पाण्याचे पंप, सगळंच विजेवर चालत होतं आणि मिनिटभराचा अंधारही जिवावर बेतला असता. म्हणून राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी लोकांना फक्त विनंती केली आणि 21 ऑक्टोबरच्या रात्री 10 वाजता घराघरांत लोकांनी हाताने आपापले दिवे मिनिटभर मालवले.