खैजुरान यांच्यावरचा जहराचा इल्जाम

घरच्याच माणसांना जहर देणाऱ्या बायकांच्या गोष्टी निघाल्या की खलीफा हारून रशीद यांच्या आईचं, खैजुरान यांचं नाव हटकून येतं. पोटच्या पोराला मारलं म्हणे! हा इल्जाम कशावर उभा आहे, ते आपण पाहू.

खैजुरान मूळच्या यमनकडच्या. गुलाम म्हणून विकल्या गेल्या आणि अब्बासी शहजादा महदी यांच्या घरात आल्या. हादी आणि हारून ही त्यांची मुलं. ७७५ मध्ये महदी खलीफा झाले. पुढे त्यांनी खैजुरान यांना आझाद करून त्यांच्याशी निकाह केला. दरबारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. सरदार, फिर्यादी त्यांच्या दारी येत.

७८५ मध्ये महदी वारले आणि हादी तख्तावर बसले. आईचा कारभारातला हात त्यांना खपेना. सरदारांनी आईच्या दारी जायचं नाही, असा हुकूम निघाला. मग भावाचा, हारून यांचा वारसाहक्क काढून आपल्या लहान मुलाला देण्याचं त्यांच्या मनात आलं. हारून यांची बाजू घेणाऱ्या याह्या बरमकींना कैद झाली.

सप्टेंबर ७८६ मध्ये, जेमतेम पंचविशीचे असताना, हादी अचानक वारले. हारून खलीफा झाले आणि त्याच रात्री त्यांचा मुलगा मामून जन्मला. कुजबुज सुरू व्हायला आणखी काय लागतं?

तबरींनी शंभराहून अधिक वर्षांनी इतिहास लिहिला, तेव्हा वेगवेगळी सांगणी शेजारी शेजारी नोंदवली. एकात हादी पोटातल्या व्रणानं गेले. दुसऱ्यात आईनं दासींकडून त्यांचा श्वास कोंडवला. तिसऱ्यात तर उलटंच: हादींनीच आईला जहराचं जेवण पाठवलं, ते आधी कुत्र्याला घातलं आणि कुत्रं मेलं. लोकांनी यातलं चटकदार तेवढं उचललं.

मुलाच्या मृत्यूनं खैजुरान यांचा फायदा झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण फायदा झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं होत नाही.

त्यांची दुसरी ओळख मात्र मागे पडली. मक्केत प्रेषितांचा (स.) जन्म झाला ते घर घेऊन त्यांनी तिथे मशीद केली. ७८९ मध्ये त्या वारल्या, तेव्हा हारून चिखलातून अनवाणी जनाजाला खांदा देत चालले. इमाम अबू हनीफा (रह.) बगदादच्या ज्या कबरस्तानात आहेत, ते आजही खैजुरान यांच्याच नावानं ओळखलं जातं.

हदीसच्या आलिमांनी आपल्याला एक सवय दिली आहे: बात कुणी सांगितली, त्यानं कुणाकडून ऐकली आणि तो भरवशाचा आहे का, हे विचारायचं. मोबाईलवर अशी गोष्ट आली की पुढे ढकलण्याआधी मुलांना हेच तीन सवाल विचारायला लावू या. एखाद्या बाईवर खुनाचा डाग लावायला एक ओळ पुरते. तो बाराशे वर्षांनीही धुतला जात नाही.