पंचांगकार अब्राहाम झाकुतो

सण-उपवासांच्या तारखा पाहण्यासाठी आपण पंचांग चाळतो. पण जुनी पंचांगे ही इतिहासाचीही साधने होत, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या काळच्या दर्यावर्द्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे त्यांतील आकड्यांवरून कळते. अशाच एका पंचांगाचे कर्ते, थोर यहुदी विद्वान अब्राहाम झाकुतो यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

झाकुतो यांचा जन्म १४५२ च्या सुमारास स्पेनमधील सालामांका येथे झाला. तेथील बिशपच्या आश्रयाने त्यांनी हिब्रू भाषेत ग्रहगणिताचा मोठा ग्रंथ लिहिला व १४७८ मध्ये तो पूर्ण केला. १४९२ मध्ये यहुद्यांची स्पेनमधून हकालपट्टी झाली. झाकुतो पोर्तुगालला आले व राजदरबारी ज्योतिषी झाले. १४९६ मध्ये लैरिया गावच्या यहुदी छापखान्यात त्यांचे 'आल्मनाक पेर्पेतुउम' छापून निघाले.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेल्यावर ध्रुवतारा दिसत नाही. तेव्हा भर दुपारी सूर्याची उंची मोजावयाची आणि सूर्य त्या दिवशी विषुववृत्तापासून किती सरकला आहे ते कोष्टकात पाहावयाचे, म्हणजे जहाज कोणत्या अक्षांशावर आहे हे कळे. झाकुतो यांनी चार वर्षांचे रोजचे सूर्यस्थान दिले होते. या गणिताच्या आधारावर पोर्तुगीज दक्षिणेच्या समुद्रात शिरले. वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतला पोहोचला. मात्र रेखांश व मोसमी वारे या पंचांगात नव्हते. म्हणूनच मालिंदीहून पुढे त्याला त्या समुद्राचा माहितगार वाटाड्या घ्यावा लागला. पूर्वेकडील दर्यावर्द्यांचे ज्ञान किती मोलाचे होते, हे या उणिवेवरूनच उमगते.

परंतु गामा निघण्यापूर्वीच, १४९६ च्या डिसेंबरात, पोर्तुगालच्या राजानेही यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी हजारोंचा बळजबरीने बाप्तिस्मा झाला. झाकुतो मुलासह आफ्रिकेकडे निघून गेले. १५०४ मध्ये ट्युनिस येथे त्यांनी 'सेफेर युहासीन' हा यहुदी विद्वानांच्या परंपरेचा इतिहास पुरा केला. १५१३ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी यरुशलेमात पुन्हा एक पंचांग रचले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते निवर्तले.

१५२१ मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वजांच्या कुलाबा मुलखात, चौल-रेवदंड्यास, किल्ला बांधावयास घेतला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. ज्या यहुद्याच्या गणिताने त्यांची गलबते हिंदुस्थानास लागली, त्याला मात्र त्यांच्या राज्यात धर्म पाळून राहता आले नाही. रेवदंड्याचा तट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.