जेम्स वॅट आणि बचतीचा हिशेब

बल्बवर, मिक्सरवर, छतावरच्या सौर पॅनेलवर ज्यांचे नाव छापलेले असते, त्या जेम्स वॅट यांनी विजेचे एकही यंत्र बनवले नाही. ते वाफेचे, म्हणजेच कोळशाचे माणूस. तरीही सौरऊर्जेतून किती कार्बन वाचतो, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांचे चरित्र जरूर अभ्यासावे, असे आम्हाला वाटते.

वॅट यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. घराण्याचा व्यापार गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या मालाशी जोडलेला होता, हे विसरता येत नाही. लंडनला वर्षभर उपकरणे बनविण्याचे काम शिकून ते ग्लासगोला आले. परंतु कारागीर संघांच्या नियमाप्रमाणे पूर्ण उमेदवारी केल्याशिवाय शहरात धंदा करता येत नसे. हातात कसब असूनही दार बंद! ही व्यवस्था काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अखेर १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारात जागा दिली.

तेथेच न्यूकोमेन इंजिनाची नादुरुस्त प्रतिकृती त्यांच्या हाती आली. सिलिंडर दर फेरीला थंड करून पुन्हा तापविण्यात बरीचशी वाफ वाया जाते, हे त्यांनी ओळखले. वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याची कल्पना १७६५ मध्ये सुचली, १७६९ मध्ये पेटंट मिळाले आणि १७७५ मध्ये मॅथ्यू बोल्टन त्यांचे भागीदार झाले.

त्यांचा करार मोठा मार्मिक होता. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा खाणमालकाने द्यायचा. इंजिनाच्या फेऱ्या मोजायला कुलूपबंद गणक बसविला जाई. म्हणजे न जळलेल्या कोळशाचे पैसे! कॉर्नवॉलचे खाणमालक चिडले, पैसे अडले, प्रकरणे न्यायालयात गेली. १७९९ मध्ये पेटंटचा वाद वॅट यांच्या बाजूने सुटला. १८०० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि २५ ऑगस्ट १८१९ रोजी वॅट यांचे निधन झाले.

इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाला कळावी म्हणून त्यांनी घोड्याच्या कामाशी तुलना करून अश्वशक्ती ठरविली. आपला शेतकरी आजही मोटर एचपीतच सांगतो. १ एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. शक्तीच्या एककाला त्यांचे नाव द्यावे, ही सूचना विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये केली.

येथेच गल्लत होते. वॅट किंवा किलोवॅट हा कामाचा वेग आहे. १ किलोवॅटचे यंत्र तासभर चालले की १ युनिट होते. युनिट म्हणजे प्रत्यक्ष झालेले काम. आपल्याकडे मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी वर्षानुवर्षे एचपीवर होत आली. पंप किती तास चालला, हा प्रश्नच उरला नाही.

कार्बन बचतीचेही तसेच आहे. १ किलोवॅटचे सौर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट देते, असे धरू. वर्षाला सुमारे १,४६० युनिट झाले. देशातील ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला साधारण १ टन बचत. पण तुलना केवळ कोळशाच्या विजेशी केली, तर युनिटमागे जवळपास १ किलो धरला जातो आणि बचत दीड टनाकडे जाते. पॅनेल तेच, ऊन तेच. कागदावरची बचत मात्र दीडपट!

म्हणूनच जमीन देणाऱ्या ग्रामसभेने आणि छत देणाऱ्या गृहसंस्थेने मेगावॅटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. प्रत्यक्षात युनिट किती झाले? ते कोणी मोजले? बचत कशाच्या तुलनेत? आणि त्या बचतीच्या पैशात आमचा वाटा किती? कॉर्नवॉलच्या खाणमालकांशी झालेला वाद न्यायालयापर्यंत गेला. आपण निदान करारावर सही करण्यापूर्वी हे विचारले पाहिजे. उत्तरे तोंडी नकोत, करारात लिहून हवीत.