डॉ. रुस्तम जाल वकील : सर्पगंधा ते पार्किन्सनमधली उदासीनता

पार्किन्सनच्या रुग्णाला कशातच रस उरला नाही की घरचे त्याला आळशी ठरवतात. खरं तर हा आजाराचाच भाग. तो समजण्याच्या वाटेवर मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ भेटतात.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ चा. लंडनमध्ये शिकून ते केईएम रुग्णालयात आले. सर्पगंधेची मुळी वैद्य पूर्वीपासून वापरत होते. वकिलांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर पद्धतशीर तपासली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये मुळीतून रेझर्पिन वेगळं झालं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. ससे मलूल, निश्चल पडले. लेव्होडोपा देताच पुन्हा तरतरीत झाले. रेझर्पिनने मेंदूतलं डोपामिन संपवलं होतं. पार्किन्सनमध्येही तेच घटतं.

१९७४ मध्ये वकील गेले, तेव्हा लेव्होडोपा रुग्णांपर्यंत पोहोचलं होतं. उदासीनता मात्र दरवेळी गोळीने हटत नाही. डॉक्टर डोस तपासतात, सोबत नैराश्य आहे का पाहतात. घरच्यांनी रोज ठरल्या वेळी फिरायला सोबत न्यावं. रुग्ण आपणहून उठेल म्हणून वाट पाहू नये.