बालसंगोपनाला व्यवसायाची प्रतिष्ठा देणाऱ्या ताराबाई मोडक

– प्रतिनिधी

शहरांत आज नोकरदार जोडप्यांची वस्ती असलेल्या जवळपास प्रत्येक गल्लीत एखादे पाळणाघर किंवा नर्सरी दिसते. बालवाडी शिक्षिकेचे प्रशिक्षण, पूर्वप्राथमिक शाळेचे व्यवस्थापन, पाळणाघराचे संचालन यांकडे तरुणी करिअर म्हणून पाहू लागल्या आहेत. मात्र लहान मुले सांभाळण्यात शिकण्यासारखे काय आहे, हा प्रश्न एके काळी सुशिक्षित घरांतूनही सहज विचारला जात असे. ते काम आजीचे, आईचे किंवा दाईचे मानले जाई. या कामाला शास्त्र असते, त्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते आयुष्यभराचे कार्य होऊ शकते, हे महाराष्ट्राला ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले, त्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई या माहेरच्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्याशी निगडित होते. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून विरोध होण्याचा प्रश्न नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी आणि उपजीविकेचा प्रश्न, अशा स्थितीत त्यांनी राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतनाची शाश्वती होती. एकट्या स्त्रीने याहून अधिक कशाची अपेक्षा ठेवू नये, असेच त्या वेळच्या समाजाने म्हटले असते.

भावनगरचे वळण

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगर येथे त्याच सुमारास एक वेगळा प्रयोग सुरू होता. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या लेखनाकडे वळले आणि वकिली सोडून बालशिक्षणात उतरले. मुलाला न मारता, न धमकावता, त्याच्या कलाने आणि त्याच्या हाताला काम देऊन शिकविता येते, हे ते रोजच्या व्यवहारातून दाखवीत होते. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. महाविद्यालयाच्या प्रमुखपदावरून अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसणे ही व्यवहाराच्या दृष्टीने पदावनतीच होती. तथापि ताराबाईंच्या पुढील पन्नास वर्षांची दिशा याच निर्णयाने ठरली.

भावनगरला त्यांनी काम मुळापासून शिकून घेतले. वेगवेगळ्या जाडीचे दट्टे योग्य त्या खाचेत बसविणारे मूल चुकते, पुन्हा प्रयत्न करते आणि स्वतःच आपली चूक सुधारते. अशा वेळी मोठ्या माणसाने मध्ये हात घालायचा नसतो. शिक्षिकेचे मुख्य काम निरीक्षणाचे आणि पूर्वतयारीचे आहे, हा माँटेसरी पद्धतीचा गाभा. वरवर सोपे दिसणारे हे काम प्रशिक्षणाशिवाय जमत नाही, हे लक्षात आल्यावर दक्षिणामूर्तीत बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर उभे राहिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र असलेल्या ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातही ताराबाईंचा मोठा वाटा होता. मराठी आवृत्तीमुळे हे विचार महाराष्ट्रातील पालकांपर्यंत पोहोचले. प्रशिक्षण संस्था, संघटना आणि नियतकालिक या तीन गोष्टींमुळे एखादे काम व्यवसायाच्या पातळीवर येते. त्या तिन्ही गोष्टी माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे सुरू झालेल्या होत्या, ही बाब आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

दादरहून बोर्डीला

मुंबईत परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले. बालमंदिराला जोडून अध्यापन मंदिरही सुरू झाले. मध्यमवर्गीय पालकांचा प्रतिसाद लाभला. प्रशिक्षित शिक्षिका तयार होऊ लागल्या. एका यशस्वी कारकिर्दीची येथे समाधानाने सांगता होऊ शकली असती.

परंतु ताराबाईंना एक प्रश्न अस्वस्थ करीत होता. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील गरीब कामगारांच्या वस्तीत काढले होते. भारतात मात्र ती पद्धत महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांतील मुलांपुरती राहू लागली होती. ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ च्या अखेरीस, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ ही सहकारी लाभली. अनुताई त्यांच्याहून १८ वर्षांनी लहान, बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत अनुभव घेतलेल्या शिक्षिका. या दोघींनी साधनांचा प्रश्न प्रथम सोडविला. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, बांबूच्या कांड्या या विनामूल्य वस्तूंतून मोजणे, रंग ओळखणे, लहान-मोठा क्रम लावणे शिकविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पद्धतीचे तत्त्व तेच राहिले; खर्च मात्र गावाला परवडेल इतका खाली आला. अशा शाळेला ‘बालवाडी’ हा साधा, घरगुती शब्दही ताराबाईंनीच रूढ केला.

शाळाच मुलांच्या दारी

खरी अडचण पुढेच होती. बालवाडी उघडली तरी आदिवासी पाड्यांवरची मुले तिथवर येत नसत. आईबाप पहाटेच मजुरीला जात. घरी राहिलेल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, मुलगा गुरांमागे रानात जाई. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी तो मार्ग धरला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे गेले पाहिजे, असा सरळ विचार त्यांनी केला. कार्यकर्त्या पाड्यावर जाऊन एखाद्या घराच्या अंगणातच मुले गोळा करू लागल्या. मुलांचे हात-पाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे येथून दिवसाची सुरुवात होई आणि मग गाणी, गोष्टी, खेळ होत. हीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि शेजारीच वर्ग भरत असे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. त्यामागचा हिशेब अगदी व्यवहारी होता. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की मोठी बहीण शाळेत बसू शकते. पाळणाघराकडे मोठ्या मुलांच्या शिक्षणाची अट म्हणून पाहणारी ही योजना आजही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे.

या काळात ताराबाईंनी सार्वजनिक जबाबदाऱ्याही सांभाळल्या. १९४६ ते १९५१ या कालावधीत त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब देण्यात आला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे कोसबाडचे कार्य थांबले नाही, कारण ते पुढे नेणारी व्यक्ती त्यांनी आधीच घडविली होती. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षापर्यंत, बालशिक्षणाचे व्रत सांभाळले.

अपुरे राहिलेले काम

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांसह एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांचा आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांसाठी उघडलेल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. डहाणूच्या पाड्यांवर रुजलेला शब्द अशा रीतीने देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे.

तरीही हे काम करणाऱ्या स्त्रीचे स्थान अद्याप निश्चित झालेले नाही. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. त्यांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांनी मानधनवाढ व अन्य मागण्यांसाठी बेमुदत संप पुकारला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. दुसरीकडे, शहरांतील अनेक खासगी नर्सरींमध्ये पालकांकडून भरघोस शुल्क घेतले जाते. मुलांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या ताईच्या वाट्याला त्यातले किती येते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना ताराबाईंचे चरित्र बरेच काही देऊ शकते. आधी स्वतः शिकावे, मग इतरांना शिकवावे, खर्च परिस्थितीला साजेसा ठेवावा आणि आपल्यामागे काम पुढे नेणारी माणसे तयार करावीत, हा क्रम त्यांनी पाळला. लहान मुलांचे काम हे लहान काम नव्हे, हे त्यांनी आपल्या कृतीतून समाजाला पटवून दिले. त्या कामाचे योग्य मोल देण्याची जबाबदारी मात्र आजच्या समाजाची आहे.