घरच्या घरी शुगर तपासायची सवय लावणारा हट्टी डॉक्टर : इलियट जोसलिन

सकाळचे साडेसहा. चहाचं आधण ठेवायच्या आधी बाबा डबीतून मशीन काढतात, बोटाला टोचतात, पट्टीला थेंब लावतात. स्क्रीनवर येतं १६२. आणि मग घरात चौकशी समिती बसते. काल रात्री भात किती घेतला होता? बारशाला गेला होतात तिथे जिलबी कुणी वाढली? बाबा शपथेवर सांगतात की एकच खाल्ली.

हे चित्र आता बऱ्याच घरांत ओळखीचं झालंय. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा आकडा काढणं हे डॉक्टरचं आणि लॅबचं काम होतं. पेशंटने आपलं सांगितलेलं पथ्य पाळायचं. ही तपासणी पेशंटने स्वतः करावी, घरी करावी आणि रोज करावी असा हट्ट ज्यांनी उभं आयुष्य धरला, त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतले डॉ. इलियट प्रॉक्टर जोसलिन.

जोसलिन यांचा जन्म ६ जून १८६९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड गावातला. (इंग्लंडमधलं विद्यापीठाचं ऑक्सफर्ड ते वेगळं.) वडिलांचा बुटांचा कारखाना, घरची परिस्थिती उत्तम. येल विद्यापीठात शिकून ते हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले.

त्याआधी दोन वर्षं, १८९३ मध्ये, विद्यार्थी असतानाच त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेरी हिगिन्स नावाची एक तरुण मुलगी तपासली. तिला डायबेटिस होता. तिची सगळी माहिती त्यांनी एका वहीत लिहून ठेवली. पुढे येणाऱ्या प्रत्येक डायबेटिसच्या पेशंटची नोंद ते अशीच करत गेले, आणि ती वही पुढे जवळपास सत्तर वर्षं बंद झाली नाही. कुणाला केव्हा आजार झाला, काय खायला दिलं, किती वर्षं जगला, कशाने गेला, सगळं त्यात.

या वहीत त्यांची आईसुद्धा आहे.

१८९८ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये प्रॅक्टिस सुरू केली आणि थोड्याच काळात आईला डायबेटिस असल्याचं निदान झालं. मावशी याच आजाराने गेली होती. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायचा होता, हातात औषध असं काहीच नव्हतं. होतं ते फक्त खाण्यावर नियंत्रण आणि लघवीतली साखर पुन्हा पुन्हा तपासणं. आई दोन्ही गोष्टी काटेकोरपणे करत राहिली आणि दहा वर्षांहून जास्त जगली. जोसलिन यांच्या डोक्यात नियम पक्का बसला तो इथे. साखर काबूत ठेवली तर माणूस टिकतो. एका घरच्या अनुभवावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं हे विज्ञानाच्या हिशेबात कच्चंच म्हणायचं, पण पुढची साठ वर्षं ते त्याचाच पुरावा गोळा करत राहिले.

नोंदी ठेवायच्या सवयीतून त्यांना इतरांना न दिसलेल्या गोष्टी दिसायच्या. १९२१ मध्ये त्यांनी आपल्याच गावच्या एका रस्त्याबद्दल लिहिलं. तिथे लागून असलेल्या ३ घरांत एकामागून एक राहायला आलेल्या ७ कुटुंबप्रमुखांपैकी ६ जण डायबेटिसने गेले होते. हेच मृत्यू एखाद्या साथीच्या तापाने झाले असते तर आरोग्य खातं धावत आलं असतं, इथे कुणाला पत्ताच नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

इन्सुलिनच्या आधीचा तो काळ वाचवत नाही. त्या वेळचा सर्वमान्य उपाय म्हणजे पेशंटला जवळपास उपाशी ठेवणं. जोसलिनही तेच करत. लहान मुलं हाडांचा सापळा होऊन काही महिने जास्त जगत, एवढाच काय तो फायदा. १९१८ मध्ये त्यांनी खास पेशंटसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. डॉक्टरने आणि पेशंटने दोघांनी मिळून वापरायचं पुस्तक, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

मग टोरांटोत इन्सुलिन सापडलं. ७ ऑगस्ट १९२२ ला जोसलिन यांनी आपल्या पहिल्या पेशंटला ते टोचलं. तिचं नाव एलिझाबेथ मज, पेशाने नर्स. ५ वर्षांच्या आजारात आणि उपासमारीत तिचं वजन ३२ किलोच्या आसपास येऊन ठेपलं होतं. काही आठवड्यांत ती रोज मैलोन्‌मैल चालू लागली.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. जोसलिन यांना उलट वाटत होतं. खरं काम आता सुरू होतंय, असं. कारण इन्सुलिन किती टोचायचं हे आजच्या जेवणावर, आजच्या हालचालीवर अवलंबून. ते रोज ठरवायला डॉक्टर घरी येणार नाही, म्हणजे पेशंटलाच अर्धा डॉक्टर व्हावं लागणार. त्यांनी वर्ग भरवले. आपल्याला शाळेत पाढे शिकवतात तसं इन्सुलिन मोजणं, अन्न वजन करणं, पाय धुऊन रोज बघणं हे पेशंटला शिकवलं जायचं. नर्सना खास प्रशिक्षण देऊन पेशंटच्या घरी पाठवलं. डायबेटिस असलेल्या मुलामुलींसाठी शिबिरं निघाली. त्यातलं मुलींचं शिबिर रेड क्रॉसवाल्या क्लारा बार्टन यांच्या जन्मस्थळी भरायचं, त्याही याच ऑक्सफर्ड गावच्या.

तपासणी मात्र रक्ताची नव्हती. बारावीला बायोलॉजीचं प्रॅक्टिकल केलेल्यांना बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी, तसतशी साखर जास्त. जेवणाआधी आणि झोपताना लोक स्वयंपाकघरात ही नळी उकळत बसायचे आणि रंग वहीत लिहायचे.

या पद्धतीत एक मोठी खोट होती. साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडतात. त्यामुळे नळी निळी राहिली याचा अर्थ एवढाच की गेल्या काही तासांत साखर १८० च्या खाली होती. पण ती १४० होती की ४०? नळी सांगू शकत नव्हती. आणि ४० म्हणजे घाम, थरथर, माणूस बेशुद्ध. म्हणून १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. एडवर्ड टॉलस्टॉय यांच्यासारखे काही डॉक्टर उघडपणे विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, पेशंटला त्रास नाही, वजन घटत नाही, तर लघवीत थोडी साखर गेल्याने काय बिघडतं? उगाच इन्सुलिन वाढवून माणसाला चक्कर कशाला आणायची? ही माणसं मूर्ख नव्हती. जोसलिन यांच्याकडे वह्या होत्या, पण निर्णायक पुरावा नव्हता.

जोसलिन यांची आणखी एक बाजू सांगायलाच हवी. ते जुन्या, कडक धार्मिक वळणाचे, शिस्तीचे भोक्ते. निळी नळी म्हणजे सद्गुण आणि विटकरी नळी म्हणजे पेशंटची चूक, असा सूर त्यांच्या शिकवण्यात डोकावायचा. आपल्या घरातली ती चौकशी समिती याच वळणाची. याचा परिणाम काय होतो? लोक वहीत खोटे आकडे लिहितात, किंवा लग्नाच्या सीझनमध्ये मशीनच कपाटात ठेवून देतात.

आता बाबांच्या १६२ कडे येऊ. बहुतेक प्रौढ पेशंटसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, असं सर्वसाधारण लक्ष्य असतं. वयस्कर माणसांना ते सैल असतं, गरोदर बायकांना जास्त कडक, त्यामुळे आपलं लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. १६२ जास्त आहे, पण त्यात जिलबीचाच हात असेल असं नाही. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत असताना यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडतं. झोप नीट नसेल, ताप असेल तरी आकडा चढतो. बोटाला केळ्याचा गर लागलेला असेल तरीही चढतो, म्हणून आधी हात धुवायचे. शिवाय चांगल्या मशीनलाही साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो. तेव्हा काल १५४ आणि आज १६२ यात तसा फरक काहीच नाही.

आठवडाभर रोज सकाळी १६० च्या आसपास येत असेल, तर मात्र ती माहिती आहे. ती डॉक्टरांना दाखवायची, गोळीचा डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही. एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर जेवणाआधी आणि दोन तासांनी, असे जोडीने आकडे घ्यायचे. भाकरीनंतर ४० ने वाढतेय आणि साबुदाण्याच्या खिचडीनंतर ९० ने, हे कळलं की वाद मिटतो. ७० च्या खाली आकडा आला तर मात्र पॅटर्न बघत बसायचं नाही. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

हे सगळं जोसलिन यांना करता आलं नाही. २८ जानेवारी १९६२ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले. रक्ताच्या थेंबावर चालणारी पहिली पट्टी बाजारात आली १९६५ मध्ये. मशीन आलं १९७० च्या सुमारास, तेही दवाखान्यांसाठी. लोकांच्या घरी ते पोहोचायला आणखी काही वर्षं लागली.

पण घरी रक्त तपासता येऊ लागलं तेव्हाच तो जुना वाद सोडवता आला. अमेरिका आणि कॅनडात १४४१ टाइप १ पेशंटचे दोन गट केले. एक गट नेहमीच्या उपचारांवर, दुसरा दिवसातून किमान चार वेळा साखर तपासून इन्सुलिन बदलणारा. १९९३ मध्ये निकाल आला. दुसऱ्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता, मूत्रपिंडं आणि नसाही बऱ्याच वाचल्या होत्या. टॉलस्टॉय यांची भीतीही खरी निघाली, कारण साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग त्याच गटात जवळपास तिप्पट होते. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, ब्रिटनमधल्या अभ्यासातून टाइप २ साठीही साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा दिसला. आपल्याकडच्या बहुतेक आईबाबांचा डायबेटिस हाच.