मीर सुलतान खान : पटावरचा अदबशीर उस्ताद

शाळेच्या, तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धांना आता आपली मुलं-मुली हौसेनं जाऊ लागली आहेत. मोबाईलवर शेकडो डाव खेळलेलं मूल पहिल्यांदा खऱ्या पटासमोर बसतं, तेव्हा मात्र गडबडून जातं. खेळ तोच, पण कायदे-रिवाज नवे. अशा मुलांना मीर सुलतान खान यांची हकीकत जरूर सांगावी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातल्या मिठा टिवाना गावी त्यांचा जन्म झाला. शतरंज ते वडिलांकडून शिकले. तो देशी शतरंज होता. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकायचं, कॅसलिंगची रीतही निराळी होती. तिथले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांनी त्यांची हुशारी हेरली, आश्रय दिला आणि युरोपी नियमांनी खेळायची तालीम मिळवून दिली. १९२८ साली सुलतान खान अखिल भारतीय विजेते झाले. पुढच्याच वर्षी सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले.

तिथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली होती. सुलतान खान त्यात शेवटच्या जागी आले. नियम नवे, डावाच्या सुरुवातीचा पुस्तकी अभ्यास नाही, त्यात थंड हवा मानवत नव्हती. पण ते रुसून बसले नाहीत. ज्यांनी त्यांना मागं टाकलं होतं, त्याच विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांना शिकवलं आणि ते शिकले. त्याच उन्हाळ्यात ते ब्रिटिश विजेते ठरले! १९३२ आणि १९३३ सालीही त्यांनी हा किताब जिंकला.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. १९३१ साली प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर खेळले. तिथे रुबिनस्टाईन आणि फ्लोर यांना हरवलं, तर त्या वेळचे जगज्जेते अलेखिन यांच्याशी बरोबरी साधली. एवढं यश मिळूनही त्यांचा स्वभाव शांत आणि नम्र राहिला. पटावर बसले की डाव चांगला चाललाय की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नसे.

सर उमर यांच्याच घरातल्या मिस फातिमा १९३३ साली ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या. मुलींना हेही आवर्जून सांगा.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुलतान खान मायदेशी परतले. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. त्यातला एक डाव बरोबरीत सुटला, बाकीचे नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धा सुटल्या आणि ते शेतीवाडीत रमले. १९६६ साली सरगोध्यात त्यांचा इंतकाल झाला. २०२४ साली, म्हणजे तब्बल ५८ वर्षांनी, जागतिक बुद्धिबळ महासंघानं त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

आता आपल्या मुलांचं बघू. स्पर्धेचा अदब थोडक्यात असा : डावाच्या आधी आणि नंतर हात मिळवायचा. आपल्या पाळीत ज्या सोंगटीला खेळण्यासाठी हात लावला, तीच चालवायची. सोंगटी नुसती नीट ठेवायची असेल, तर आपल्याच पाळीत आणि आधी तसं सांगून. ज्या हातानं चाल केली, त्याच हातानं घड्याळ दाबायचं. चाली लिहायला सांगितल्या असतील तर प्रत्येक चाल लिहायची. बरोबरीचा प्रस्ताव एकदाच, आपली चाल करून, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं. वाद झालाच तर भांडायचं नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. मोबाईल आईवडिलांकडे ठेवून द्यायचा, कारण तो खिशात सापडला तर हातातला डाव जाऊ शकतो. आणि आईवडिलांनीही दुरून खुणा करायच्या नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हरल्यावर पट सोडून पळायचं नाही. हॉलच्या बाहेर येऊन, कुठं चुकलं ते जिंकणाऱ्यालाच विचारायचं. बहुतेक खेळाडू आनंदानं सांगतात. लंडनमध्ये शेवटच्या जागी आलेल्या सुलतान खान यांनाही हरवणाऱ्यांनीच पुढची वाट दाखवली होती.